कॉलेजच्या मुलांना नोकरी-इंटर्नशिपसाठी तयार करायचंय, दोन रविवार उरलेत, काय करून घेऊ?

कातळसडा:
नमस्कार मंडळी. २६ वर्षं मुंबईत एका कंपनीच्या खरेदी विभागात काढून दोन वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यात गावी परत आलो. जवळच्या कॉलेजातल्या सरांनी विचारलं की शेवटच्या वर्षाची मुलं आहेत, बीकॉम, बीएस्सी आणि थोडी बीए, अर्ज कसा करायचा मुलाखत कशी द्यायची ते जरा सांगाल का. तीन रविवार मिळालेत, त्यातला पहिला परवा झाला.

४२ मुलं आली. बायोडेटा घेऊन या म्हणून सांगितलं होतं. तीसेक बायोडेटा एकाच अ‍ॅपमधून काढलेले, वरचं करिअर ऑब्जेक्टिव्हचं वाक्य शब्दन् शब्द तेच, छंद वाचन, संगीत, क्रिकेट, आणि अनुभवासमोर नुसती रेघ.

मग एकाला सहज विचारलं, बाळा मार्च ते मे तू काय करतोस? तर म्हणाला काकांच्या कलमांत असतो, दहावीपासून. आंबा उतरला की प्रतवारी, पेट्या भरणं, नेपाळी गड्यांची हजेरी लिहिणं, आणि वाशीहून पट्टी, म्हणजे दलालाचा विक्री-खर्चाचा हिशोब, आली की ती ताडून बघणं. गेल्या वर्षी पट्टीत टेम्पोचं भाडं दोनदा धरलेलं ह्याच्याच लक्षात आलं, ह्यानेच दलालाला फोन करून पैसे परत मिळवले. मी म्हटलं अरे मग हे बायोडेटात कुठाय? तर म्हणतो, "काका, ते काय काम थोडंच, ते घरचंच आहे."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बाकीच्यांना विचारलं होतं तर एक मुलगी घरच्या होमस्टेचं सगळं बुकिंग बघते, एक जण गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, चार वर्षं रंगकाम करतोय, ऑर्डरची वही त्याच्याकडेच असते. सगळ्यांचं उत्तर एकच, घरचंच आहे.

तर माझे प्रश्न दोन. हे त्यांच्या तोंडून आणि कागदावर कसं आणायचं? आणि इंटर्नशिपला आपल्या भागात पाठवायचं कुठे? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणी लिहा.

लाल_माती:
काका तुमची तळमळ पोचली पण मला पटत नाही. बायोडेटा कितीही घासूनपुसून लख्ख केला तरी कंपन्या आहेत कुठे? माझ्या बॅचचे १८ जण, गावात आता दोघं आहेत, त्यातला मी एक आणि दुसऱ्याचं दुकान आहे. मुलांना मुलाखत शिकवणं म्हणजे त्यांना गाव सोडायला शिकवणं. ते शिकवायलाच हवं असेल तर शिकवा, पण निदान तसं सरळ सांगा त्यांना.

वाशिष्ठी:
मी कॉलेजात शिकवते (चिपळूणकडे) म्हणून आधी नियमाचं सांगते. नवीन शैक्षणिक धोरणात ऑन द जॉब ट्रेनिंग आता क्रेडिटमध्ये धरतात. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिट असतील तर १२० तास. रोज सहा तास धरले तर २० दिवस. आमच्याकडे काय होतं सांगू का, मुलं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतात आणि २० दिवस घरी बसतात. दोष त्यांचा एकट्यांचा नाही, आम्ही ७० मुलांना जागा शोधून देऊ शकत नाही. पण तो आंब्यावाला मुलगा काकांच्या बागेत १२० तासांच्या कितीतरी पट काम करतोय आणि त्याच्यासारखीच मुलं आमच्याकडे मात्र खोटा शिक्का देताहेत, हे वाचून मलाच कसंतरी झालं.

लाल_माती, गाव सोडायला शिकवणं म्हणालात ते मनाला लागलं, त्यावर नंतर लिहीन.

शिफ्ट_सी:
लोटे एमआयडीसीत १४ वर्षं क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये आहे, शिफ्ट बघतो. लाल_मातीसाहेब, कंपन्या आहेत. लोटे आहे, महाड आहे, रोहा आहे, कुडाळला आहे. केमिस्ट्रीवाल्याला इथे काम मिळतं पण मुलाखतीत मुलं कुठे अडतात ते सांगतो.

मी एकच प्रश्न विचारतो, सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण तू मापून बनवलंस तरी ते पुन्हा स्टँडर्डाइज का करतो, म्हणजे त्याची खरी तीव्रता का तपासतो? दहातले आठ गप्प. अरे तुम्ही ते एफवायपासून प्रॅक्टिकलला करताय! ते हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून वजनावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून केएचपी हा वजनाला भरवशाचा पदार्थ घेऊन फिनॉल्फ्थॅलीन टाकून टायट्रेशन करायचं. मुलांनी जर्नल पूर्ण केलेलं असतं, सही घेतलेली असते, पण का करतो हे कोणी विचारलेलं नसतं. मोलॅरिटी नॉर्मॅलिटीचंही तेच.

दुसरं म्हणजे मापाचं रीडिंग बरोबर घेता आलं पाहिजे. एकदा एका मुलीला ब्युरेट (द्रावण मोजायची काचेची नळी) वाचायला दिली, तिने वाचलं आणि म्हणाली सर मी अजून एकदा घेते, पहिल्या रीडिंगला माझी नजर वर होती. तिला तिथल्या तिथे घेतली. आज ती माझ्याच लॅबमध्ये जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक तपासायचं मशीन) चालवते.

काका तुमच्या बीएस्सीवाल्यांना एक रविवार फक्त जर्नल घेऊन बसवा. प्रत्येक प्रयोगाला "का" विचारा. मी येतो, वीकली ऑफ बघून.

कातळसडा:
शिफ्ट_सी, या हो नक्की. एसटी स्टँडवर न्यायला येतो.

दिवा_पॅसेंजर:
ठाण्यात एचआरमध्ये आहे, मूळ गाव लांज्याजवळ. दिवसाला शंभरच्या वर बायोडेटा बघते, त्यामुळे खरं तेच सांगते.

एक पान. वडिलांचं नाव, धर्म, जात, उंची वजन, वैवाहिक स्थिती, "वरील माहिती सत्य आहे" खाली सही, हे सगळं काढा, तो लग्नाचा बायोडेटा नाहीये. पीडीएफ पाठवा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या, माझ्याकडे "न्यू बायोडेटा फायनल २" नावाच्या इतक्या फाइली आहेत की नंतर शोधताच येत नाहीत. ईमेल आयडी साधा नावाचा हवा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला चौकटी, दोन कॉलम, चित्रं नीट कळत नाहीत म्हणून साधी मांडणी बरी.

आता घरच्या कामाचं. "काकांना आंब्यात मदत" असं लिहिलं तर मी पुढे जाईन. पण "२०२१ पासून दर हंगामात ४०० पेट्यांची प्रतवारी आणि पॅकिंग, ९ कामगारांची हजेरी व मजुरी, बाजारातून आलेल्या पट्ट्यांचा ताळा, त्यात दुबार लागलेलं भाडं शोधून वसूल केलं" असं लिहिलं तर मी त्या मुलाला फोन करीन, आणि अकाउंट्सच्या माणसाला म्हणीन ह्याला भेट. (आकडे मी मनाचे घातलेत, त्याचे खरे असतील तेच घालायचे.) आकडा, काय केलं, त्याने काय झालं, एवढंच असतं ते.

आणि कृपा करून खोटं लिहायला शिकवू नका. एक्सेल येतं असं सगळे लिहितात, मी व्हीलुकअप किंवा पिव्होट विचारलं की बघत बसतात.

मालवणी_मासो:
माझो झील गोव्याक हॉटेलात ट्रेनिंगाक गेलो. पयले तीन म्हयने रडान फोन करी, आई माका घराक न्ही. आता घराक येवक सांगलंय तर म्हणता सुट्टी नाय गावना. तेवा लाल_माती तुमचा म्हणणा खरा आसा, पण पोरगो सुखात आसा ह्यां पण खरा. :)

टीवायबीकॉम_०७:
नमस्कार सर मॅडम, मी असाच एक विद्यार्थी आहे, वरच्या कॉलेजचा नाही पण परिस्थिती तीच. मला सगळं येतं पण इंग्लिशमध्ये कोणी विचारलं की डोकं रिकामं होतं, म्हणजे उत्तर माहीत असतं पण आधी मराठीत येतं मग मी ते मनात इंग्लिश करायला जातो आणि तोपर्यंत समोरचा पुढचा प्रश्न विचारतो, गेल्या महिन्यात ऑनलाइन मुलाखतीत असंच झालं आणि त्यात रेंज पण गेली कारण आमच्याकडे रेंजसाठी सड्यावर जावं लागतं आणि सड्यावर वारा एवढा की त्यांना नुसता वाराच ऐकू येत होता. ते म्हणाले तुम्ही बाहेर आहात का. मी काय सांगू.

दिवा_पॅसेंजर:
@टीवायबीकॉम_०७ अरे हेच सांगायचं! "माझ्या गावात नेटवर्क फक्त पठारावर मिळतं, म्हणून मी अर्धा तास चालून आलोय." मी असते तर मला आवडलं असतं, माणूस मुलाखतीसाठी डोंगर चढून आलाय. पुढच्या वेळी आदल्या दिवशी ईमेल टाकून ठेव की नेटवर्कची अडचण आहे, तुटलं तर ह्या नंबरला फोन लावावा. आणि जमलं तर तालुक्याला कोणाकडे तरी जाऊन बस, पावसाळ्यात लाइट जाते तेही धरून चाल.

इंग्लिशचं म्हणशील तर पाच गोष्टी पाठ नको करू, पण पन्नास वेळा बोलून ठेव. स्वतःबद्दल, एक काम जे केलं, एक चूक आणि ती कशी निस्तरली, हे काम का हवंय, आणि तुझा एक प्रश्न त्यांना. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. अडलास तर सरळ "एक मिनिट विचार करून सांगतो" म्हण, तेवढं इंग्लिश तुला येतं. पुष्कळ ठिकाणी तर मराठी-हिंदीतच विचारतात रे.

हर्णै_बंदर:
संध्याकाळी बंदरावर लिलावाला उभ्या राहणाऱ्या आमच्या पोरी बघा कोणीतरी. पाटीत काय किती आहे ते नजरेनं जोखायचं, बोली कुठे थांबवायची ते ठरवायचं आणि बर्फाचा खर्च धरून पुढे काय सुटेल त्याचा हिशोब पाऊण मिनिटात तोंडी. आणि त्याच पोरी बँकेच्या मुलाखतीत मान खाली घालून बसतात. माझी बहीण त्यातलीच. तिला विचारलं तू तिथे एवढी घाबरलीस का, तर म्हणाली तिथे कोणी दादा मावशी म्हणत नव्हतं.

वाशिष्ठी:
हर्णै_बंदर, शेवटचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. अनोळखी माणसासमोर बसायची सवय, ती कॉलेजात आम्ही देऊच शकतो. दर वेळी आम्हीच शिक्षक खोटी मुलाखत घेतो, त्यांना आम्ही माहीत असतो. बाहेरची माणसं हवीत.

काजूगर:
माझं छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे, सिंधुदुर्गात, १२ माणसं. इंटर्न घ्यायला तयार आहे पण माझा अनुभव लिहितो, रागावू नका. तीन वर्षांत सात जण आले, पाच जणांनी दुसऱ्या दिवशी विचारलं सर्टिफिकेट कधी. एक मात्र मुलगी अशी आली की ती वाफवण्यापासून सोलणीपर्यंत सगळीकडे उभी राहिली, डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३२० पर्यंत गर बसतात हे तिने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं आणि चौथ्या दिवशी मला दाखवून दिलं की ग्रेडिंगच्या टेबलावर २४० चा माल ३२० मध्ये जातोय. चांगल्या भावाचा माल मी कमी भावात विकत होतो!

लाल_माती:
तिला पैसे किती दिलेत?

काजूगर:
पहिल्या महिन्यात काही नाही, कॉलेजचं ट्रेनिंग होतं. ते कळल्यावर दिले.

लाल_माती:
हेच म्हणायचंय मला. तिने चूक दाखवली नसती तर फुकटच राबली असती. रोज एसटीचं भाडं कोण देतं? ज्याच्या घरी पैसा आहे तोच फुकट शिकू शकतो, बाकीची मुलं मे महिन्यात बागेत मजुरीला जातात कारण तिथे संध्याकाळी हातात पैसे पडतात. निदान भाडं आणि जेवण तरी द्या हो.

काजूगर:
बरोबर आहे तुमचं. ह्या वर्षीपासून भाडं आणि जेवण पहिल्या दिवसापासून देतो. दोन मुलं घेईन, मार्च ते मे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पायवाट:
पैशांवरून आठवलं म्हणून सरकारी बाजू लिहितो, मुलांना हे माहीतच नसतं.

अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार, त्याचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, त्यात कंत्राटी माणसंही धरतात, २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९००० आणि डिप्लोमाला ८००० स्टायपेंड धरला होता. नॅट्स ह्या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, पदवी झाल्यावर. कोकण रेल्वेसुद्धा अप्रेंटिस घेते, जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर बघायची.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, तेव्हा बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,००० महिना. पण ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नव्हे, हे मुलांना आधी सांगा नाहीतर नंतर मन मोडतं. त्याच वर्षी केंद्राची पीएम इंटर्नशिप सुरू झाली, तेव्हाचे नियम वय २१ ते २४, वर्षभर, महिना ५००० आणि एकदा ६०००, पूर्णवेळ शिकणाऱ्यांना नाही. अर्ज करताना चालू नियम पोर्टलवर बघून घ्या.

आणि एक, हे मोठ्याने सांगा: नोकरी देणारा पैसे मागत नाही. माझ्या भाच्याकडून घरबसल्या डेटा एंट्रीच्या नावाखाली "लॅपटॉप डिपॉझिट" २५०० घेतले, मग "अ‍ॅग्रीमेंट फी" ४०००, मग काम चुकलं म्हणून कोर्टाच्या नोटिशीची धमकी. पोरगं आठ दिवस जेवलं नाही, घरी सांगायची लाज. असं झालं तर लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि घरच्यांनो, पोरावर ओरडू नका त्या दिवशी.

माडाची_सावली:
अरेरे. भाचा बरा आहे ना आता?

पायवाट:
हो हो, रत्नागिरीत लागला एका सीएंच्या ऑफिसात.

लिंबू_सरबत:
सीएंचं निघालंच तर मी कर सल्लागार आहे, छोटं ऑफिस. बीकॉमवाल्यांना सांगा जून ते सप्टेंबर आमच्याकडे या, तेव्हा आम्हाला दोन हात कमी पडतात. दर महिन्याला जीएसटीची रिटर्नं, ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला थ्री-बी, शिवाय जुलैअखेर बऱ्याच जणांचं आयकराचं रिटर्न, सप्टेंबरला ऑडिट. टॅली शिकवतो आम्ही, पण आकडा जुळला नाही तर तो का जुळला नाही हे शोधत बसायची चिकाटी शिकवता येत नाही. तो आंब्याच्या पट्टीवाला मुलगा मला चालेल, न बघता.

अट एकच, गणपतीत सुट्टी आहे पण किती दिवस ते आधी सांगून जा. मागच्या वर्षी एक जण दीड दिवसाचा गणपती म्हणून गेला तो गौरी विसर्जन करून आला.

शिफ्ट_सी:
हाहा, आमच्याकडे तर जॉइन होताना मुलं पगाराआधी गणपतीची शिफ्ट विचारतात. आणि ठेकेदारही विचारतो!

दिवा_पॅसेंजर:
कोकणातल्या माणसाने गणपतीची सुट्टी मुलाखतीतच सांगावी, लपवू नये. मी स्वतः दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तिकिटं वेटिंगलाच राहतात.

पेज_आणि_पापड:
बीएवाल्यांचं कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. मी इतिहासात बीए. आमच्या सड्यावरची कातळशिल्पं, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, ही २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी दोन उन्हाळे तिथे मोजमापं घ्यायला, फोटो काढायला, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून जागेची नावं लिहायला फिरले. कोणी इंटर्नशिप म्हणालं नव्हतं. नंतर पुण्यात एका संग्रहालयाच्या कामाला अर्ज करताना त्याच नोंदींची फाइल सोबत लावली, मुलाखतीत अर्धा तास ती फाइलच चाळत बसले ते. वेळासला कासवांची घरटी राखणारी मुलं आहेत, दशावतारात पेटी वाजवणारी आहेत. केलेल्या कामाची वही ठेवा, तारीख घालून. तेवढंच सांगायचंय.

वाशिष्ठी:
आता लाल_मातींना उत्तर, राहिलं होतं. मी १९ वर्षं शिकवतेय. गाव सोडून गेलेल्यांचं मला वाईट वाटत नाही, वाईट त्यांचं वाटतं जे नाइलाजाने गेले आणि मिळेल ते करताहेत, आणि त्यांचंही जे नाइलाजाने राहिले. ज्याला स्वतःचं काम दुसऱ्याला सांगता येतं तो लोट्यातही टिकतो, पुण्यातही, आणि होमस्टेला बँकेकडे कर्ज मागायला गेला तरी हेच सांगायचं असतं. कर्जाचा साहेबही मुलाखतच घेतो की.

लाल_माती:
हे मान्य. कर्जाचं तर मी स्वतः भोगलंय, तीनदा परत पाठवलं मला, कारण मी आकडे न घेता गेलो होतो. बरं, मी येतो दुसऱ्या रविवारी. अनोळखी माणूस म्हणून समोर बसतो, पाहिजे तर कडक चेहरा करतो.

कातळसडा:
मंडळी, दुसरा रविवार झाला. उशिरा लिहितोय, क्षमा असावी.

सकाळी बायोडेटा बाजूला ठेवले. जोड्या लावल्या आणि सांगितलं, समोरच्याला विचारा की गेल्या वर्षभरात तू सकाळी उठून कुठे कुठे गेलास, काय उचललंस, काय मोजलंस, कोणाशी बोललास, काय बिघडलं. ऐकणाऱ्याने लिहायचं, सांगणाऱ्याने नाही. कारण स्वतःचं स्वतः लिहायला लागले की पुन्हा "घरचंच" येतं, पण मैत्रिणीचं लिहिताना कोणाला ते घरचं वाटत नाही! ही युक्ती मला सुचलेली नाही, होमस्टेवाल्या मुलीनेच सुचवली. तिच्या मैत्रिणीने तिच्याबद्दल लिहिलं की ही ऑक्टोबर ते मे बुकिंग बघते, दोनदा एकाच खोलीचं दोघांना बुकिंग झाल्यावर तिने वही बंद करून मोबाइलवर शीट केली, त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. ती स्वतः ते वाचून पाच मिनिटं गप्प होती.

दुपारी शिफ्ट_सी जर्नल घेऊन बसले, लाल_माती आणि दिवा_पॅसेंजर (व्हिडिओवर) मुलाखतींना. लाल_मातींचा कडक चेहरा पहिल्या दहा मिनिटांत गेला, नंतर ते मुलांना भाकरी खाल्लीस का विचारत होते. तरी १६ मुलाखती झाल्या.

आंब्याचा मुलगा लिंबू_सरबत यांच्याकडे १ जूनपासून जातोय. काजूगर यांच्याकडे दोघी. बीएस्सीच्या चौघांचे अर्ज लोट्याला गेले. बाकीच्या पस्तीसेक जणांचं अजून काहीच नाही, ते डोक्यात आहे. तिसऱ्या रविवारी अप्रेंटिसची नोंदणी तिथेच बसून करून घेणार, पायवाट यांनी यावं अशी विनंती. ज्यांच्याकडे एकाही मुलाला भाडं-जेवण देऊन महिनाभर घ्यायची सोय असेल त्यांनी कृपया इथेच लिहा, लाजू नका, किराणा दुकान असलं तरी चालेल, फक्त काम खरं द्या.

पायवाट:
येतो. मुलांना आधार, मार्कशीट, बँक पासबुकाचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणायला सांगा, आणि आधारला जोडलेला नंबर चालू हवा, निम्म्यांचा तो वडिलांच्या जुन्या सिमवर असतो.

माडाची_सावली:
आमच्या होमस्टेला एक जागा, ऑक्टोबरपासून. राहणं जेवण आणि महिना ६०००. गुहागर तालुका.

टीवायबीकॉम_०७:
सर, मला पण बोलावलंय, परवा ११ वाजता, तालुक्याच्या पतसंस्थेत. मी तुमच्या कॉलेजचा नाही तरी रविवारी आलो तर चालेल का? आणि परवा ते इंग्लिशमध्ये विचारतील का?

कातळसडा:
ये रे, अवश्य ये. पतसंस्थेत मराठीतच विचारतील. पोहोचल्यावर आधी पाणी पी, मग आत जा. आणि साडेनवाची एसटी नको धरूस, आठची धर.